दादाच्या पिकअपचा भाव

जुन्या गाड्यांची दलाली करणाऱ्या माणसाला लोक एकच गोष्ट विचारतात: किती येतील? दलालाने जन्मभर त्याचंच उत्तर देऊन पोट भरलं होतं. गाडीभोवती एक फेरी मारायची, बोनेट उघडून एक नजर टाकायची, आत बसून दार एकदा ओढून लावायचं, की आकडा आपसूक त्याच्या जिभेवर यायचा. मग गिऱ्हाईक रडो की रुसो, आकडा हलत नसे. त्यामुळे दादाचा फोन आला तेव्हा त्यात काही अवघड असेल असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

"गाडी झाली," दादा म्हणाला. "ये आणि भाव सांग."

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. बसच्या डेपोत पत्राकाम करून निवृत्त झालेला. दादा पत्र्याला मारत नाही, समजावतो, असं डेपोतले लोक म्हणायचे. कुठलीही चेपलेली बाजू तो आतून-बाहेरून ठोकत ठोकत अशी जागेवर आणायचा, की बोट फिरवलं तरी अपघाताची जागा सापडू नये. एका गोष्टीचा मात्र त्याला मनस्वी तिटकारा होता. पत्र्यातला खड्डा ठोकून काढायचा कंटाळा आला, की कारागीर त्यावर एक लेप थापतात, वाळला की घासतात आणि वर रंग मारतात. त्याला लांबी भरणं म्हणतात. दादाच्या लेखी ती सरळ सरळ लबाडी. हाताखालच्या एकाने एकदा बसच्या दारात लांबी भरली, तर दादाने ती सगळी त्याच्याकडूनच छिन्नीने खरवडून काढून घेतली होती आणि दिवसभर त्याच्याशी बोलला नव्हता.

निवृत्त झाल्यावर त्याने ही पिकअप आणली. एका बंद पडलेल्या वीटभट्टीच्या मागे ती कित्येक वर्षं गंजत पडली होती. गोल दिवे, फुगीर गाल, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. दोघा भावांच्या लग्नांपेक्षा जुनी. लाकडाच्या वखारीमागची एक शेड भाड्याने घेऊन दादा तिथे रोज कामावर गेल्यासारखा जायचा. डबा घेऊन जायचा, संध्याकाळी हात काळे करून परत यायचा. अर्धवट काम कुणाला दाखवायची त्याला सवय नव्हती, म्हणून इतक्या वर्षांत त्याने दलालालाही शेडच्या आत घेतलं नाही. मधल्या काळात त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या. दादा हात खिशात घालून फिरायला लागला आणि शेडवर जातच राहिला.

दलाल पोचला तेव्हा दादा स्टुलावर बसला होता. शेडमध्ये रंगाचा वास होता. आणि मधोमध गाडी उभी होती, गडद हिरवी, नुकती आंघोळ घातल्यासारखी. दलाल दारातच थबकला.

"कशी आहे?" दादाने विचारलं.

"बोलायची सोय ठेवली नाहीस."

दादा हसला. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता, पण खांद्यांची थरथर काही लपत नव्हती.

दलालाने सवयीने फेरी मारायला सुरुवात केली. डावीकडून. पुढचा गाल, दार, हौद्याची बाजू. बोटाच्या पेराने टकटक करत तो पुढे सरकत होता आणि पत्रा त्याला टणटणीत उत्तर देत होता. अशी डावी बाजू त्याने उभ्या धंद्यात पाहिली नव्हती. कारखान्यातून निघाली तेव्हाही ती इतकी देखणी नसावी. तो मागून वळून उजव्या बाजूला आला. पुन्हा टकटक केलं. आवाज मठ्ठ आला. त्याला वाटलं, चुकून जोडावर बोट पडलं असेल. हातभर पुढे वाजवलं. मठ्ठ. दाराच्या खालचा भाग, मठ्ठ. तो डोळा पत्र्याच्या रेषेत आणून बघायला वाकला. रंगाखाली बाजू लाटेसारखी वर-खाली होत गेली होती.

लांबी. बोटभर जाडीची लांबी, दादाच्या गाडीत.

"खालून पण बघ," दादा म्हणाला. त्याचा आवाज सरळ होता.

दलाल पोतं टाकून गाडीखाली सरकला. पुढच्या भागातले वेल्डिंगचे जोड मुंग्यांच्या रांगेसारखे एकसारखे होते. मागे जावं तसे ते फिसकटत गेले होते. कुठे गोळे, कुठे भोकं, आणि एका ठिकाणी चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, गेलेली तडच मुळी नीट जोडली गेली नव्हती. तो तिथेच पडून राहिला. शेडमध्ये आणली तेव्हा गाडीची उजवी बाजू भिंतीला टेकलेली होती, हे त्याला वहिनीकडून माहीत होतं. म्हणजे दादाने डावीकडून सुरुवात केली आणि उजवीकडे यायला त्याला वर्षं लागली. हाताचा कंप कधी सुरू झाला, कधी वाढला आणि हातोडी कधी सुटली, ते सगळं त्या गाडीवर पुढून मागे, डावीकडून उजवीकडे वाचता येत होतं.

तो बाहेर आला, कपडे झटकले. पहिल्यांदाच त्याच्या जिभेवर आकडा आला नाही.

"बोल," दादा म्हणाला.

"तू काय धरलंयस?"

"आठ लाख. सातच्या खाली बोलायचं नाही."

"गिऱ्हाईक बघावं लागेल," दलाल म्हणाला. "असल्या मालाला दर्दी माणूस लागतो." एवढं बोलून तो गाडीच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. तिकडून बघणं सोपं होतं.

दादाचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर होतं, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. चहा करता करता वहिनीने दलालाला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं आणि दार लोटलं.

"भाऊजी, यांना जिना आता झेपत नाही," ती म्हणाली. "परवा दुसऱ्या मजल्यावर बसले ते उठेचनात. शेजाऱ्यांना बोलवावं लागलं. खाली तळमजल्यावरच्या दोन खोल्या विकायला निघाल्यात. आमचं हे विकून वर सात लाख घालावे लागतात. गाडीचे येतील, असं हे कधीपासून म्हणतायत. येतील ना?"

"बघू या, वहिनी."

"तुम्ही आकडा न सांगता बघू या म्हणता, तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतं."

दलाल चहा न पिताच उतरला.

गावात जुन्या गाड्यांचा नाद असलेला एक दातांचा डॉक्टर होता. स्वभावाने गोड, पैशाला मोकळा, पण गाडीच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून बघणारा. दलालाला ते ठाऊक होतं. तरीही त्याने त्यालाच आणलं, कारण एवढी रक्कम देणारा दुसरा कुणी त्याच्या ओळखीत नव्हता. आणि मनातून त्याला असंही वाटत होतं, की कदाचित आपलंच चुकलं असेल.

डॉक्टरने खिशातून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं. डाव्या बाजूला ते टचकन चिकटलं. उजवीकडे ठिकठिकाणी घसरून त्याच्या तळहातात परत पडलं. त्याने ते पुन्हा फडक्यात गुंडाळलं. दादाशी इंजिनाबद्दल अदबीने बोलला, हौद्याच्या फळ्यांचं कौतुक केलं आणि निघताना दलालाला रस्त्यावर घेऊन गेला.

"डावी बाजू ज्याने केली, तो माणूस मला द्या," तो म्हणाला. "मागेल तो पगार देतो. आणि उजवी ज्याने केली, त्याला पुन्हा कुठल्या गाडीला हात लावू देऊ नका."

दलाल रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रककडे बघत होता.

"चासी धोक्याची आहे. सगळी सोडवून अर्धी गाडी नव्याने करावी लागेल. डावे पत्रे आणि इंजिन यांचे म्हणून मी दोन लाख देईन. कुणी जास्त दिले तर खुशाल द्या, माझा राग नाही."

दोन लाख हा चोख भाव होता. गाडी परक्याची असती तर दलालाने स्वतः पावणेदोनच सांगितले असते. तो शेडमध्ये परत आला. दादा त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"विचार करतो म्हणाला," दलालाने सांगितलं.

"चुंबक लावलं त्याने."

"लावतात सगळेच. शहाणपणा दाखवायचा असतो."

दादाने मान हलवली आणि विषय तिथेच सोडला.

पुढचे काही दिवस दलालाचं कामात लक्ष लागलं नाही. खरं सांगावं, तर भावाला तोंडावर सांगायचं, की तू ज्याला लबाडी म्हणायचास तेच तुझ्या हातून झालंय. खोटं सांगून एखाद्या अडाण्याच्या गळ्यात मारावी, तर ती चासी कुठल्या तरी उतारावर कुणाचा तरी जीव घ्यायची. शेवटी एका संध्याकाळी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती शाळेत शिकवायची आणि पुढ्यात वह्यांचा गठ्ठा घेऊन बसली होती. तिच्या आईचं घर विकल्यावर तिच्या वाट्याला आलेले पैसे तिने बाजूला ठेवले होते, दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी.

"म्हणजे तुम्हाला ती गाडी घ्यायचीय," ती म्हणाली. "सात लाखांना. दोन लाखांची."

"मी घेतोय असं त्याला कळू द्यायचं नाही. टायरवाला माझा माणूस आहे. त्याला गिऱ्हाईक म्हणून उभा करतो."

तिने हातातली वही तपासून पुरी केली.

"सरळ पैसे दिले तर घेणार नाहीत का दादा?"

"तू ओळखतेस त्याला."

"द्या मग," ती म्हणाली. "माझे गुडघे काय, कुरकुरत का होईना, चालतात. पण ती गाडी माझ्या दारात उभी करू नका. रोज बघवणार नाही मला."

टायरवाला दलालाचा जुना दोस्त, मनाने भला, पण नाटकाचं अंग अजिबात नसलेला. दलालाने त्याला पुन्हा पुन्हा पढवलं: थोडी घासाघीस कर, नाकं मुरड, सातावर ये. टायरवाला इस्त्रीचा शर्ट घालून शेडमध्ये आला, गाडीकडे बघितलं, दादाकडे बघितलं, आणि दादाचे ते मांड्यांखाली दाबलेले हात पाहून पढवलेलं सगळं विसरला.

"केवढ्याला द्यायची?" त्याने विचारलं.

"आठ," दादा म्हणाला.

"साडेसात देतो."

"खालून बघा एकदा."

"बघायचं काय त्यात? तुमचं नाव ऐकून आहे मी. बयाणा आणलाय." टायरवाल्याने खिशातून पाकीट काढलं.

दलालाने डोळे मिटून घेतले. दादा काही वेळ पाकिटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आज नको. उद्या घेईन," आणि टायरवाल्याला बसायला खोकं पुढे केलं. त्याने टायरच्या धंद्याचीही चौकशी केली. टायरवाल्याने अगदी मोकळेपणाने दुकानाचा पत्तासुद्धा सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने दलालाला शेडवर बोलावून घेतलं.

"पैसे कुणाचे?" त्याने विचारलं.

"कसले?"

"आज इतकी वर्षं गाड्या बघतोय मी. साडेसात लाख देणारा माणूस गाडीखाली झोपत नाही, असं कधी झालं नाही. आणि पन्नास हजार पाडून घ्यायला त्याला लाज वाटत होती. पैसे कुणाचे?"

"हिच्या आईच्या घराचे. गुडघ्यांसाठी ठेवलेले," दलाल म्हणाला.

बाहेर वखारीत करवत चालू होती. ती थांबली तेव्हा दादा म्हणाला, "धाकट्या, आता धंदा म्हणून सांग. भाऊ म्हणून नको. किती येतील?"

"दोन."

"मला दीड वाटत होते."

दलालाने वर बघितलं.

"तुला काय वाटलं, मला माहीत नाही? मीच भरलीय ती," दादा म्हणाला. "आधी एक खड्डा भरला. म्हटलं, हात बरा झाला की काढू आणि ठोकून घेऊ. मग दुसरा. हातोडी उचलली की भलतीकडेच पडायची. एकदा दार नीट होतं तेच चेपवून ठेवलं मी. मग त्याच्यावर भरली. शेवटी शेवटी डबेच्या डबे आणायचो, तेही दोन वेगवेगळ्या दुकानांतून. एकाच ठिकाणी इतके घ्यायची लाज वाटायची."

"मग आठ का म्हणालास?"

"तुला अजमावायला म्हणालो. तुझ्याइतकी नजर कुणाची नाही. तुला कळलं नाही तर दुसऱ्यालाही कळणार नाही, असं धरलं होतं. तू खालून बाहेर आलास आणि काही बोलला नाहीस. मला वाटलं, सुटलो. मग तू माझ्या नजरेला नजर देईनास." तो थांबला. "कुणाच्या तरी गळ्यात मारणार होतो मी ती, समजलं का? चासीची तड माहीत असून. तुझ्या वहिनीला जिना चढवत नाही मला घेऊन. तेवढंच डोळ्यांसमोर होतं."

दलाल म्हणाला, "दादा, पैसे घे. गाडीचे म्हणून नको, माझे म्हणून घे. तळमजल्याचं होऊन जाऊ दे."

"तुझ्या बायकोचे गुडघे विकून?"

"ती हो म्हणालीय."

"ती म्हणेल. तिचं मन मोठं आहे. मी नाही घेणार." दादाने मांडीखालून उजवा हात काढला. तो हवेत फडफडायला लागला तसा त्याने डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं. "डॉक्टरला फोन लाव. दोनला देतो म्हणावं. आणि चासीचं त्याला मी स्वतः सांगणार आहे."

डॉक्टर त्याच आठवड्यात पैसे घेऊन शेडवर आला. दादाला धरून वहिनीही आली होती. दादाने तडीची जागा, भरलेल्या जागा, एकेक करून त्याला दाखवल्या. डॉक्टर मान डोलवत ऐकत होता. त्याच्या लक्षात अजून काही आलं नव्हतं.

"ते डाव्या बाजूचे कारागीर कुठे भेटतील?" त्याने विचारलं.

"तो आता काम करत नाही," दादा म्हणाला.

"आणि उजवीवाला?"

"तोही नाही."

कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा पेन दादाच्या बोटांतून दोनदा सुटलं. दलालाने कागद धरला, वहिनीने मनगट धरलं, तरी अक्षर उमटेना. शेवटी अंगठा उठवला. तेव्हा कुठे डॉक्टरच्या ध्यानात आलं. तो एकदम उठून उभा राहिला. दादाला नमस्कार करून तो बाहेर गेला. गाडी साखळीने बांधून नेली तेव्हा दादा शेडच्या आतच बसून होता. वहिनीने हत्यारं गोळा करायला घेतली तर म्हणाला, "राहू देत. शेडवाल्याला लागतील."

तळमजल्यावरच्या खोल्या दुसऱ्याच कुणीतरी घेतल्या. दोन लाख गोळ्यांत, तपासण्यांत आणि सकाळच्या वेळी येणाऱ्या मदतनिसाच्या पगारात हळूहळू विरत गेले. दादा आधी एक दिवसाआड खाली उतरायचा, मग फक्त दवाखान्यासाठी, मग दवाखान्याचा डॉक्टरच वर यायला लागला. दलालाच्या बायकोचे पैसे जागच्या जागी राहिले. ऑपरेशन मात्र तिने करून घेतलं नाही. दलालाने विषय काढला, की तिला नेमकी काहीतरी तपासायची वही आठवायची.

दलाल दर रविवारी जायचा. दोघे भाऊ खिडकीपाशी बसायचे. गाडीचं नाव कुणी काढत नसे. पावसाचं, भाज्यांच्या भावाचं, शेजाऱ्यांच्या कुत्र्याचं बोलून झालं, की दोघांकडचं बोलणं संपून जायचं. दलालाचा धंदाही पूर्वीसारखा राहिला नव्हता. आकडा सांगताना तो अडखळायला लागला होता, आणि एकदा का दलाल अडखळला, की गिऱ्हाईक हात धुऊन मागे लागतं.

वर्षभराने दातांच्या डॉक्टरचा निरोप आला: गाडी तयार झालीय, बघून जा. दलाल एकटाच गेला. डॉक्टरने दूरच्या शहरातून कुणी कारागीर आणवला होता. दलालाने उजव्या बाजूला टकटक केलं. टणटणीत. रेषेत डोळा आणून बघितलं. एकाच हाताने केल्यासारख्या दोन्ही बाजू जुळल्या होत्या. त्याने कौतुक केलं, कारण कौतुक करण्यासारखंच काम होतं.

रविवारी त्याने दादाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण दादाने विचारलं, "कुठे गेला होतास बुधवारी? तुझ्या वहिनीने फोन केला तर लागला नाही." मग त्याने सांगितलं.

दादा आता पलंगावरच असायचा. बोलणंही बारीक झालं होतं, कान जवळ न्यावा लागायचा.

"चांगलं केलंय?" त्याने विचारलं.

"चांगलं केलंय."

"ठोकून?"

"हो. ठोकून."

दादा छताकडे बघत राहिला. थोड्या वेळाने त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं ते कानशिलावरून उशीत गेलं. पुसायला हात उचलणं त्याला जमत नव्हतं आणि दलालाने पुसलं तर त्याला आवडलं नसतं, म्हणून दलाल खिडकीबाहेर बघत बसला.

मग वहिनी आली. म्हणाली, "भाऊजी, आलाच आहात तर यांना जरा वर सरकवायला हात लावा. माझ्याने एकटीने होत नाही." दोघांनी दोन्ही बाजूंनी दादाच्या काखेत हात घातले आणि त्याला उशीवर ओढून घेतलं.